विजापूरची जामा मशीद: गोल घुमटाच्या आधी ही बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुढच्या महिन्यात सोलापूरहून आईवडिलांना घेऊन एका दिवसात विजापूर करायचंय, गोल घुमट आणि इब्राहिम रोजा पक्कं आहे, पण जामा मशिदीबद्दल कोणीतरी सांगितलं की आत काही नाही, नुसत्या पांढऱ्या कमानी आहेत, मग तिथे वेळ घालवावा का. त्याच्याच जोडीला दोन गोष्टी विचारल्यात, ती तालीकोटच्या लुटीतून बांधली हे खरं का आणि एवढा घुमट चार-पाचशे वर्षं कसा उभा राहिला.

आधी सरळ उत्तर देतो. वेळ काढाच, आणि जमलं तर सकाळी सगळ्यात आधी तिथे जा, गोल घुमट नंतर बघा. दगड-चुन्याच्या जुन्या इमारती दुरुस्त करण्याच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेलीत, विजापूरला किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही, पण नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना गोल घुमटाच्या आधी इथे आणतो. कारण साधं आहे, गोल घुमट म्हणजे गणिताचं सोडवलेलं उत्तर आहे आणि जामा मशीद म्हणजे ते गणित मांडलेलं पान आहे. उत्तर बघून माणूस थक्क होतो आणि घरी जातो, पण ते कसं आलं हे बघायचं असेल तर या पांढऱ्या कमानींखालीच उभं राहावं लागतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय हिचा आकार का एवढा ते कळत नाही. विजापुरात मशिदी आधीपासून होत्या. आर्किल्ल्यात, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्यात, करीमुद्दीनची मशीद आहे, १३२० ची, म्हणजे आदिलशाहीच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधीची, आणि तिथले खांब बघितले तर ते देवळाचे आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, उभे खांब आणि त्यांच्यावर आडव्या तुळया, सगळी पद्धतच देवळाची. हे मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण हीच गोष्ट जामा मशिदीला चिकटवतात. जामा मशीद तशी नाही. इथे देवळाच्या घडणीचे कोरीव खांब नाहीत, दगड-चुन्यात बांधून काढलेले जाड चौकोनी खांब आहेत आणि त्यांच्यावर कमानी. दोन्ही जागा एकाच दिवशी बघितल्या तर अडीचशे वर्षांत बांधकामाची सगळी भाषा कशी बदलली ते एका फेरीत दिसतं.

ही मशीद पहिल्या अली आदिलशहाची, त्याची कारकीर्द १५५८ ते १५८०. मधे १५६५ ची लढाई येते, जिला कोणी तालीकोटची म्हणतं, कोणी राक्षसतागडीची, ज्यात विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर एकत्र आले आणि विजयनगरचा पाडाव झाला. त्यानंतर विजापूरच्या हातात पैसाही आला आणि दक्षिणेकडे मुलूख वाढवायला मोकळं रानही मिळालं. मशिदीच्या कामाचं साल साधारण १५७६ दिलं जातं. म्हणजे लढाईनंतर दहा-अकरा वर्षांनी. आता लुटीतून बांधली का? माझं मत असं की हे वाक्य अर्धं खरं आहे. लढाईनंतर खजिना भरला नसता तर एवढं मोठं काम हातात घेतलंच नसतं हे उघड आहे, पण लुटीचा पैसा मिळाला आणि त्याची मशीद झाली असं सरळ जोडणं चूक आहे. याच अलीच्या कारकिर्दीत शहराचा सहा मैलांच्या वर घेराचा तट उभा राहिला, गगन महाल झाला, पाण्याची कामं झाली, म्हणजे राजधानी म्हणून अख्खं शहर बांधून काढायचा घाट घातला होता आणि शुक्रवारी शहराने एकत्र जमायची जागा हा त्यातला एक भाग होता. आणि दगड फोडणारे, चुना मळणारे, कमान बांधणारे हात काही लढाईत मिळत नाहीत, ते पिढ्यानपिढ्या तयार व्हावे लागतात.

आकार किती, तर एकूण व्याप साधारण १ लाख १६ हजार चौरस फूट सांगितला जातो, म्हणजे अडीच एकरांच्या वर. आणि एवढं असूनही ती अपुरी राहिली. पूर्वेच्या टोकाला दोन मिनार व्हायचे होते, ते झालेच नाहीत. बाहेरून बघताना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं ना, ते खरंच राहिलेलं आहे.

आता आत चला. पूर्वेच्या दारातून आत आलात की समोर मोठं अंगण, मधे हौद, आणि पलीकडे पश्चिमेला मुख्य दालन, त्याच्या दर्शनी भागाला नऊ कमानी. इथे पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे नऊपैकी आठ कमानी एकदम साध्या आहेत, फक्त मधल्या कमानीला पाकळ्या पाकळ्यांची नक्षी आहे. बस. मला हे फार आवडतं. आठ कमानी गप्प बसवल्या म्हणून नववी बोलते. नजर आपोआप मधे जाते आणि तिथून सरळ आत मेहराबाकडे, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे, बाण काढायची गरज नाही की पाटी लावायची गरज नाही. आणि या कमानींच्या वर खोल पुढे आलेला छज्जा आहे, दगडी घोड्यांवर म्हणजे ब्रॅकेटवर तोललेला, त्याची सावली दुपारी भिंतीवर पट्टा होऊन पडते. विजापूरच्या उन्हात ही सावली नुसती शोभेची नाही, गिलाव्याचं आयुष्य त्याच्यावर आहे, कारण पाऊस पण त्याच छज्ज्यावरून लांब फेकला जातो.

आत काही नाही असं ज्याने सांगितलं त्याने बहुतेक आत जाऊन वर बघितलंच नाही. दालन नऊ खण रुंद आणि पाच खण खोल, म्हणजे पंचेचाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनाला आतून छोटं घुमटासारखं छत आहे, पण ते इतकं उथळ की बाहेरून वर काही दिसतच नाही, गच्ची सपाट दिसते. पंचेचाळीसपैकी मधले नऊ खण एकत्र करून त्यांच्यावर एकच मोठा घुमट उभा केलाय. आता जरा कागद घ्या आणि तीन बाय तीनचे नऊ चौकोन काढा, फुली-गोळ्याच्या चौकटीसारखे. रेघा जिथे जिथे एकमेकींना भेटतात तिथे खांब, असे सोळा होतात. त्यातले मधले चार काढून टाका. राहिले बारा, सगळे कडेला. या बारा खांबांच्या मधे साधारण ७० फुटांचा मोकळा चौकोन तयार झाला आणि त्याच्यावर सुमारे ५७ फूट व्यासाचा गोल घुमट ठेवायचाय. सगळी अडचण इथेच आहे, खाली चौकोन आणि वर वर्तुळ, मग चार कोपऱ्यांत जी पोकळी राहते तिचं काय करायचं.

जगभर यावर वेगवेगळे उपाय झालेत. कोणी कोपऱ्यात छोट्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करतं, कोणी कोपऱ्यातून वर जाणारे तिरके त्रिकोण बांधतं. विजापूरकरांनी केलं ते असं, की कोपऱ्यांतले चार सोडून कडेच्या बाकी आठ खांबांवरून आठ कमानी उचलल्या आणि त्या एकमेकींना छेदून नेल्या. एका खांबावरून निघालेली कमान शेजारच्या खांबाकडे जात नाही, तो सोडून त्याच्या पुढच्याकडे जाते, वाटेत दुसऱ्या कमानींना ओलांडून. वरून बघितलं तर एक चौकोन सरळ आणि दुसरा चौकोन त्याच्यावर थोडा फिरवून ठेवलेला, अशी आठ टोकांची चांदणी होते, आणि चांदणीच्या पोटात जो अष्टकोन राहतो त्याच्यावर गोलाकार कडं बसतं. त्या कड्यावर घुमट.

हे वाचून समजत नाही, मलाही कॉलेजात समजलं नव्हतं. सरांनी फळ्यावर तीन वेळा काढलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. मग टूरला इथे आलो, घुमटाच्या बरोब्बर मधे उभा राहिलो, आणि सोबत आलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांनी मला एकच सांगितलं, की बाबा, एक कमान धर आणि बोटानं तिचा माग काढ, दुसरीकडे बघू नको. मी एक कमान धरली, ती माझ्या उजव्या खांद्यावरून वर गेली, दोन ठिकाणी दुसऱ्या कमानींत मिसळल्यासारखी झाली, आणि डावीकडे उतरली. मग दुसरी धरली. चौथ्या कमानीपर्यंत मान अवघडली होती पण चांदणी दिसायला लागली होती, आणि एकदा दिसली की ती परत दिसेनाशी होत नाही. तुम्ही पण हेच करा. आईवडिलांना खाली बसवून करा, मान कमी दुखते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, घुमट उभा कसा राहिला. घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही, तो पायाशी बाहेर फाकायला बघतो, उंच ठेवलेल्या वाळूच्या ढिगासारखा. बरेचसे जुने घुमट पडतात ते वरून चिरडून नाही तर खालून फाकून पडतात. दहीहंडी बघितली असेल तर लक्षात येईल, वरच्या थरांचं वजन आलं की खालचा थर बाहेर ढकलला जातो, म्हणून त्याच्या भोवती माणसांचं कडं उभं राहतं आणि आतल्या बाजूला रेटून धरतं. इथे ते काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे भोवतालचे छोटे खण, त्यांच्या कमानी मधल्या चौकोनाला सगळीकडून टेकू देऊन उभ्या आहेत. दुसरी गोष्ट जास्त हुशारीची आहे, त्या छेदणाऱ्या कमानींच्या मधलं जे भरीव बांधकाम आहे ते आतल्या बाजूला झुकलेलं आहे, म्हणजे ते स्वतःच्या वजनाने आत यायला बघतं. घुमट बाहेर जायला बघतो, हे आत यायला बघतं, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. त्यात कमानी एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे एकीवर आलेला भार सगळ्यांत वाटला जातो.

साधारण ऐंशी वर्षांनी, १६५६ च्या सुमारास, याच पद्धतीने गोल घुमट उभा राहिला, आणि तिथे आतला चौकोन जवळजवळ १३५ फुटांचा आणि घुमटाचा आतला व्यास १२४ फुटांच्या आसपास. आणि तिथे मधे टेकायला एकही खांब नाही, आजूबाजूला टेकू द्यायला छोटे खण पण नाहीत, सगळं जाड भिंतींवर आणि त्या आत झुकलेल्या बांधकामावर. माझं ठाम म्हणणं आहे की जामा मशिदीत हे जमलं नसतं तर गोल घुमटाच्या वेळी एवढी उडी मारायची छाती कुणाची झाली नसती. म्हणून म्हटलं आधी ही बघा. इथली चांदणी डोळ्यांत बसली की तिकडे वर बघितल्या बघितल्या ओळख पटते.

बाहेरून या घुमटाची एक गंमत बघा. विजापूरच्या नंतरच्या घुमटांना पायाशी मोठ्या कमळपाकळ्या असतात, घुमट जणू उमलत्या कळीतून वर आल्यासारखा, इब्राहिम रोजाला ते तुम्हाला दिसेलच. इथला घुमट त्या मानाने शांत आहे, जवळपास अर्धगोल, चौकोनी मजल्यावर ठेवलेला, त्या मजल्याला खिडक्या, त्यातून आत उजेड येतो. प्रमाण इतकं नीट आहे की अंगणात उभं राहिल्यावर तो मोठा वाटत नाही. आत गेल्यावर वाटतो. विजापुरातल्या सगळ्या घुमटांत मला वैयक्तिक हाच सगळ्यात जास्त आवडतो, लोक वाद घालतात, घालू देत.

मेहराबाबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण सगळी मशीद साधी आणि तेवढा एक भाग सोन्यारंगात न्हालेला. त्याच्यावर बऱ्याचदा जाड पडदा असतो, तिथल्या माणसांना नीट विचारा, अदबीने विचारलं तर बहुतेक वेळा दाखवतात. हे काम मूळ मशिदीबरोबरचं नाही, मुहंमद आदिलशहाच्या काळातलं आहे, साल १६३६. मराठी माणसाला हे साल लगेच आठवेल, माहुलीवर निजामशाहीचा शेवट झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीत आले ते याच वर्षी. म्हणजे शहाजीराजांनी या दरबाराची चाकरी धरली तेव्हा या मेहराबाचा सोनेरी रंग अगदी ताजा होता. माझ्यासारख्या माणसाला अशी सालं जुळली की त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं.

मेहराबाच्या भोवती भिंतीवर खोटे कोनाडे रंगवलेत, आणि त्या कोनाड्यांत काय आहे ते जवळून बघा. फुलदाण्यांत फुलं आहेत, साखळीला टांगलेली धुपाटणी आहेत, छोटे मिनार आणि कबरी आहेत, आणि पुस्तकं आहेत, फळीवर रचून ठेवल्यासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फुलांपाशी कमी आणि त्या पुस्तकांपाशी जास्त वेळ उभा होतो. कोणीतरी एवढ्या मोठ्या मशिदीतल्या सगळ्यात पवित्र भिंतीवर पुस्तकांची फळी रंगवली. आणि फारसी ओळी आहेत, त्यांचा अर्थ साधारण असा की आयुष्यावर भरवसा ठेवू नको ते थोडकंच आहे, या नाशिवंत जगात विसावा नाही, जग इंद्रियांना फार गोड वाटतं, आयुष्य सगळ्या देण्यांत मोठं पण टिकणारं नाही. आपल्याकडे कीर्तनात हेच ऐकत मोठे झालोय आपण, त्यामुळे मला तरी ते परकं वाटलं नाही.

आणि हे काम केलं कोणी, तर नाव सांगितलं जातं याकूत दाबुली. दाबुली म्हणजे दाबुळचा, आणि दाबुळ म्हणजे आपलं दाभोळ, रत्नागिरी जिल्ह्यातलं, वाशिष्ठीच्या मुखावरचं. तेव्हा ते मोठं बंदर होतं, आदिलशाहीचा समुद्राकडचा दरवाजाच म्हणा, तिथून मक्केला जाणारी जहाजं सुटत. तर कोकणातल्या बंदराचं नाव लावणाऱ्या माणसाने इथे घाटावर सोन्याचा वर्ख चढवलाय. विजापुरात त्याची कबर पण आहे, लहानशी चौकोनी इमारत, दगडी जाळ्या लावलेली, आणि तिच्या शेजारची मशीद तिच्यापेक्षा मोठी. गाईड लोक तिकडे नेत नाहीत. वेळ असेल तर रिक्षावाल्याला नाव सांगून बघा.

मग औरंगजेब. १२ सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडलं. त्याने इथे भर घातली, पूर्वेचा दरवाजा आणि त्या बाजूचा विस्तार त्याच्या काळातला, आणि जमिनीवर नमाजासाठी जे चौकोन आखलेले दिसतात, एकेका माणसाला एकेक, त्यांची संख्या साधारण २२५० सांगतात, ते पण त्याच्याच नावावर. एक गोष्ट अशीही सांगितली जाते की इथले मखमली गालिचे आणि सोन्याची मोठी साखळी त्याने नेली आणि त्या जागी हे चौकोन आखून दिले. गोष्ट म्हणून ऐका. पण चौकोनांकडे मात्र नीट बघा, काळ्या रेघांनी आखलेली ती जमीन म्हणजे त्या दालनाची मोजपट्टी आहे, एका खणात किती माणसं बसतात ते मोजलं की वरच्या कमानीचा अंदाज पायाखालूनच येतो. दालन रिकामं असताना सुद्धा ते भरल्यासारखं वाटतं ते या रेघांमुळे.

पुढचं पटकन सांगतो. मोगल गेले, निजाम आला, १७६० मधे उदगीरच्या लढाईनंतर विजापूर पेशव्यांकडे आलं, १८१८ नंतर ते साताऱ्याच्या छत्रपतींकडे, आणि सातारा खालसा झाल्यावर १८४८ मधे इंग्रजांकडे. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं हे गाव मराठ्यांच्या हातात होतं. नंतर मुंबई इलाख्यात, १९५६ ला म्हैसूर राज्यात, आणि २०१४ पासून अधिकृत नाव विजयपूर. आज ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे आणि नमाजही रोज चालू आहे. माझ्या मते ती एवढी नीट टिकली त्याचं मोठं कारण हे दुसरं आहे. ज्या इमारतीत रोज झाडू फिरतो तिची गळती पहिल्या पावसात लक्षात येते. बंद पडलेल्या इमारतीत ती दहा वर्षांनी लक्षात येते, तोपर्यंत पिंपळ उगवलेला असतो.

टिकण्याचा विषय निघालाच आहे तर चुन्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हे सगळं बांधकाम स्थानिक काळ्या दगडाचं, आतून अनघड दगड आणि चुना, वरून चुन्याचा गिलावा. तुम्ही ज्या पांढऱ्या भिंती म्हणताय तो गिलावा. चांगला चुना म्हणजे भट्टीत भाजलेला, पाण्यात विझवलेला, कित्येक दिवस भिजत ठेवलेला आणि मग घाण्यात बैल फिरवून वाळूबरोबर मळलेला. आमचे जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालतात, प्रत्येकाचं माप वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. असा चुना हळूहळू घट्ट होतो, वर्षानुवर्षं होत राहतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो थोडा हलू देतो. विजापूरचा उन्हाळा आठवा, दुपारी घुमटावर हात ठेवता येत नाही आणि पहाटे तोच दगड गार. रोज एवढं तापणं-निवणं असताना बांधकाम थोडं फुगतं, थोडं आकसतं, आणि चुना ते पोटात घेतो. सगळा घुमट मिळून एकच कवच असल्यासारखा वागतो, दगड वेगळे आणि सांधे वेगळे असं राहत नाही.

सिमेंट हे पोटात घेत नाही. एका जुन्या दर्ग्याच्या कामावर, नाव घेत नाही, मला बोलावलं होतं कारण गिलावा सारखा फुगून पडत होता. गावातल्या लोकांनी चांगल्या भावनेने, वर्गणी काढून, गच्चीला आणि भिंतींना सिमेंटचा थर मारला होता. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहिली नाही, मग ते आतल्या चुन्यातले क्षार घेऊन जिथे फट मिळेल तिथून बाहेर आलं, भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. सिमेंटचा पापुद्रा टिकावाने उचलला तेव्हा त्याच्या मागे चुन्याचा भुगा झालेला, हाताने चिमटीत घेतला तर पिठासारखा. आणि त्याच भिंतीत एक कोपरा होता जिथे सिमेंट पोचलं नव्हतं, तिथला तीन-चारशे वर्षांचा चुना छन्नीला दाद देत नव्हता. ते बघून एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्याशेजारी उभे होते, वर्गणी त्यांनीच गोळा केली होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काय सांगणार, त्यांनी प्रेमानेच केलं होतं. म्हणून कोणाच्या गावात जुनी मशीद, देऊळ, वाडा, बारव काही असेल तर कृपा करून सिमेंट लावायच्या आधी चुन्याचं काम येणाऱ्या माणसाला एकदा विचारा. अजून आहेत अशी माणसं.

तर तुमच्या दिवसाचं असं करा. सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटर आहे, पहाटे निघा. सकाळी आधी जामा मशीद, तेव्हा पूर्वेचं ऊन नऊ कमानींतून आत तिरकं येतं आणि खांबांच्या सावल्या जमिनीवरच्या त्या चौकोनांवर पडतात, दुपारी ही गोष्ट मिळत नाही. शुक्रवार टाळा, आणि बाकीच्या दिवशी पण नमाजाच्या वेळा सोडून जा. चपला बाहेर, डोकं झाकायला एक रुमाल-ओढणी जवळ ठेवा, बायकांनी कुठपर्यंत जायचं ते तिथे विचारून घ्या, आवाज हळू. फोटो काढायच्या आधी पण विचारा, तुम्हाला ते पर्यटनस्थळ असलं तरी तिथे बसलेल्या माणसासाठी ती त्याची रोजची जागा आहे. आईवडिलांना गोल घुमटाचे जिने अवघड जातील, इथे मात्र तसे उंच जिने चढायचे नाहीत, निवांत फिरता येतं, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी ही जागा उलट जास्त सोयीची. तास-दीड तास पुरतो.

आणि निघताना लगेच गाडीत बसू नका, बाहेरून मागच्या भिंतीला एक वळसा घाला, तिकडे कोणी जात नाही. एवढी लांबलचक सपाट भिंत डोळ्याला जड वाटली असती म्हणून तिच्यावर कमानींच्या दोन ओळी काढल्यात. खालच्या ओळीतल्या कमानी नुसत्या दाखवायच्या, बंद. वरच्या ओळीतल्या मात्र खऱ्या, उघड्या, त्यांच्या मागून इमारतीच्या कडेने जाणारा बोळ आहे. खालून उभं राहून बघितलं तर वरच्या कमानीतून पलीकडचा अंधार दिसतो आणि कबुतरं आतबाहेर करत असतात.